मिथेनचा हिशेब आणि गावाचा हक्क

गेल्या हिवाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेच्या काठच्या एका गावी आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर भरले होते. एका सायंकाळी मोठ्या शहरातील एका संस्थेचे दोन तरुण कार्यकर्ते तेथे व्याख्यानास आले. विषय होता वातावरणातील मिथेन वायू. परदेशी दानसंस्थेच्या अनुदानातून चाललेल्या लोकजागृतीच्या मोहिमेचा तो एक भाग होता. गुरांच्या ढेकरांतून, शेणाच्या खड्ड्यांतून आणि कचऱ्याच्या ढिगांतून हा वायू कसा सुटतो व आता तो उपग्रहाच्या साहाय्याने कसा मोजता येतो, हे त्यांनी चित्रे दाखवून मोठ्या तळमळीने सांगितले. शेवटी शंका विचारण्याचे आवाहन झाले, तेव्हा भिंतीला टेकून बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "आमच्या ढोराइचा ढेकर तुमी आभायातून मोजता म्हनता, मंग मोजला तो आकडा आमाले कोन सांगीन?"

सभेत हशा पिकला. व्याख्याते प्रामाणिक होते. या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नाही हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. उपस्थितांची नोंद झाली, छायाचित्र निघाले आणि दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावी गेले. परंतु त्या वृद्धाचा प्रश्न विनोदी नव्हता. सार्वजनिक पैशाच्या आणि दानाच्या विनियोगासंबंधीचा तो एक मूलभूत प्रश्न होता. मोजणारा कोण, मोजला जाणारा कोण, आणि मोजल्यानंतर हाती येणाऱ्या आकड्यावर मालकी कोणाची? प्रस्तुत लेखकाच्या मते, मिथेनविषयक लोकजागृतीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रत्येक अनुदानाची कसोटी याच प्रश्नावर लागली पाहिजे.

प्रश्नाचे गांभीर्य

मिथेन हा रंगहीन व गंधहीन वायू आहे. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या दलदलीतून वर येणारे बुडबुडे गोळा करून त्याचा अभ्यास केला. आज त्याची चर्चा होते ती तापमानवाढीच्या संदर्भात. कार्बन डाय-ऑक्साइडच्या तुलनेत मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने २७ ते ३० पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून अधिक भरते. औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने वातावरणातील त्याचे प्रमाण आता अडीच पटींहून अधिक झाले आहे. मात्र कार्बन डाय-ऑक्साइड शतकानुशतके टिकतो, तर मिथेन साधारण बारा वर्षांत विरून जातो. म्हणजे आज मिथेन रोखला तर त्याचे फळ याच पिढीला दिसू शकते. जगाचे लक्ष या वायूकडे वळले आहे ते यामुळेच.

ग्लासगो येथे २०२१ मध्ये झालेल्या हवामान परिषदेत, २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत मिथेनचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा अनेक राष्ट्रांनी घेतली. भारत तीत सामील झाला नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या २०१६ सालच्या हिशेबानुसार देशातील सुमारे ७४ टक्के मिथेन शेतीक्षेत्रातून, म्हणजे मुख्यतः गुरे आणि भातखाचरे यांतून येतो. पाश्चात्त्य देशांत जो प्रश्न बराचसा तेलविहिरींच्या व वायुवाहिन्यांच्या गळतीचा आहे, तो आपल्याकडे चार-दोन जनावरे राखणाऱ्या कुटुंबाच्या गोठ्याचा होऊन बसतो. तेलकंपनीची गळती आणि अल्पभूधारकाच्या बैलाचा ढेकर एकाच तागडीत घालणे न्यायाचे नव्हे. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन यांत भेद करण्याची मागणी केली होती. ती आजही तितकीच रास्त आहे.

आमच्या जिल्ह्यात भाताची खाचरे फारशी नाहीत, कोळशाच्या खाणीही नाहीत. येथील मिथेन आहे तो गोठ्यांतला, उकिरड्यांतला, नगरपालिकांच्या कचराभूमींतला आणि साचलेल्या पाण्याखालच्या गाळातला. आपल्याच लोणार सरोवराच्या गाळात मिथेन निर्माण करणारे आणि मिथेनवर जगणारे असे दोन्ही प्रकारचे सूक्ष्मजीव नांदतात, हे २००७ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून पुढे आले. ते शोधनिबंध जगभरच्या शास्त्रज्ञांनी वाचले. विवराच्या काठावरील शाळांतील मुलांपर्यंत ते पोहोचावेत अशी व्यवस्था मात्र त्या संशोधनाच्या खर्चात कोणी धरलेली नसते. ज्ञान गावातून बाहेर जाण्याची वाट रुंद आहे, परत येण्याची वाट मात्र अद्याप बांधली गेलेली नाही.

मोजलेली गाय आणि गुणलेली गाय

उपग्रह मिथेन पाहतात हे खरे, परंतु ते सर्वच पाहू शकत नाहीत. एकाच ठिकाणी मोठ्या प्रमाणावर सुटणारा वायू त्यांना दिसतो. ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई येथील कचराभूमींचा उपग्रहांच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मुंबईच्या कचराभूमीतून ताशी सुमारे १० टन मिथेन सुटत असल्याचे त्यात आढळले. परंतु मेहकर किंवा मोताळा तालुक्यातील एकेका गोठ्याचा वायू आकाशातून वेगळा मोजता येत नाही. तेथे हिशेबाची रीत निराळी असते. पशुगणनेतील जनावरांची संख्या घ्यावयाची आणि तिला दर जनावरामागच्या एका ठरावीक अंकाने गुणावयाचे. हवामानबदलविषयक आंतरराष्ट्रीय समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडासाठी हा अंक दुभत्या गाईमागे वर्षाला ५८ किलो आणि इतर गुरांमागे २७ किलो असा धरलेला आहे. तात्पर्य, आमच्या गावची गाय मोजलेली नसते, ती गुणलेली असते.

हा भेद किती महाग पडू शकतो याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९० च्या सुमारास भारतातील भातखाचरांच्या नावे वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन मांडला होता. परक्या हवामानातील मोजमापे आपल्या शेतांना लावून तो अंदाज काढलेला होता. डॉ. आशेष प्रसाद मित्र यांच्या पुढाकाराने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने १९९१ मध्ये देशभरातील भातखाचरांत प्रत्यक्ष मोजणीची मोहीम काढली. तेव्हा हा आकडा सुमारे ४० लाख टनांवर, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळपास नवव्या हिश्श्यावर आला. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत त्या मोजणीने भारताची बाजू सावरली. मोजमाप म्हणजे केवळ शास्त्रज्ञांची हौस नव्हे. जो स्वतःचे मोजत नाही, त्याचे दुसरे मोजतात आणि आपल्या मापाने मोजतात.

जे राष्ट्राला लागू, तेच गावाला लागू आहे. उद्या कार्बनच्या बाजारात मिथेन रोखल्याबद्दल मोबदला मिळू लागला, तर तो ज्याच्याजवळ विश्वासार्ह नोंदी आहेत त्याला मिळेल. आणि उद्या एखादा कर किंवा निर्बंध आला, तर ज्याच्याजवळ नोंदी नाहीत त्याच्यावर सरासरीचा अंक लादला जाईल. दोन्ही बाजूंनी तोटा नोंद नसणाऱ्याचाच आहे.

गोबर गॅसचा धडा

मिथेनसाठी अनुदान ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. केंद्र सरकारने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू केला. घरगुती संयंत्रांना अनुदान देण्यात आले आणि पुढील चार दशकांत देशात अशा संयंत्रांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. महाराष्ट्र त्यात आघाडीवर राहिला. धुरापासून कितीतरी माउल्यांचे डोळे वाचले आणि शेतांना उत्तम खत मिळाले. ही कामगिरी लहान नव्हे.

परंतु या योजनेची एक दुखरी बाजू मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझ्या मामाच्या गावी १९८० च्या दशकात एक संयंत्र बांधले गेले. त्याच्या भिंतीवर योजनेचे नाव आणि क्रमांक तेलरंगात रंगवलेला होता. चार-पाच वर्षे त्यावर चहा झाला, स्वयंपाक झाला. पुढे लोखंडी टाकी गंजली, तिला छिद्रे पडली, शेगडी मंद जळू लागली. दुरुस्तीसाठी मामांनी तालुक्याच्या एका कार्यालयात खेटे घातले. तेथे उत्तर मिळाले की नवे संयंत्र बांधावयास अनुदान आहे, जुने दुरुस्त करावयास नाही. मामींनी पुन्हा चूल पेटवली. शेण मात्र सवयीने आणखी काही काळ त्याच टाकीत पडत राहिले आणि वायू छिद्रांतून निघून जात राहिला. भिंतीवरचा क्रमांक अजून वाचता येतो.

या कथेचा हिशेब मांडून पाहू. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. त्यातून निघणाऱ्या वायूत साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन धरला, तर तो दिवसाला सुमारे ८०० ग्रॅम आणि वर्षाला २९० किलोच्या घरात जातो. तो शेगडीत जळला तर उत्तम. परंतु त्याचा दहावा हिस्सा जरी गळून गेला, तरी वरील मार्गदर्शिकेच्या अंकानुसार एका बैलाच्या वर्षभराच्या ढेकरांएवढा मिथेन हवेत जातो. सगळाच गळला तर दहा बैलांएवढा. उलट तेच शेण उन्हात वाळवून गोवऱ्या केल्या असत्या, तर मिथेन फारच थोडा निर्माण झाला असता, कारण तो हवाबंद ओलाव्यात तयार होतो. म्हणजे जो वायू अडवण्यासाठी अनुदान दिले, तोच वायू निगा न राखलेल्या टाकीने अधिक निर्माण केला, असेही घडू शकते.

दोष संयंत्राचा नव्हता, शेतकऱ्याचाही नव्हता. अनुदान कशावर मिळते, तेच व्यवस्था मोजते. आपण संयंत्रे मोजली, वायू मोजला नाही. उद्दिष्ट बांधकामाचे होते, म्हणून बांधकाम झाले. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या पॅकेजात बुलढाण्यासह सहा जिल्हे होते. त्यात अनुदानावर दुभती जनावरे देण्याचा भाग होता. कोरडवाहू गावात त्या जनावरांचा चारा-पाणी कोठून यावयाचा, हा प्रश्न तेव्हाच टीकाकारांनी विचारला होता. तेथेही वाटलेली जनावरे मोजणे सोपे होते. वर्षभरानंतर दावणीला उरलेली मोजणे अवघड होते.

पैशाच्या वाटा

आता मिथेनविषयक लोकजागृतीसाठी येणारा पैसा पाहू. ग्लासगो परिषदेच्या सुमारास २० हून अधिक खाजगी दानसंस्थांनी मिथेनच्या कामासाठी ३० कोटी डॉलरहून अधिक निधी जाहीर केला. त्यातला काही ओघ भारताकडे वळणे स्वाभाविक आहे. परंतु परदेशी अंशदान विनियमन कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, परदेशी निधी मिळालेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे सोपवता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. गैरव्यवहारास आळा घालणे हा हेतू सांगितला गेला आणि तो समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र असा की पैसा ज्या महानगरातील संस्थेच्या खात्यात उतरतो, तेथून तो तालुक्यातील छोट्या संस्थेकडे जाऊ शकत नाही. मग महानगरातील कार्यकर्ते गावोगाव फिरून व्याख्याने देतात. आमच्या शिबिरात आलेले तरुण याच रचनेची निष्पत्ती होते.

दुसरी वाट कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. परंतु हा खर्च करताना कंपनीच्या कार्यक्षेत्राला अग्रक्रम द्यावा असे कायदा म्हणतो. ज्या जिल्ह्यात मोठे कारखाने थोडे, त्याच्या वाट्याला हा पैसाही ओघानेच थोडा येतो. तिसरी वाट शासनाची. स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात गोबरधन योजनेखाली जिल्ह्यामागे ५० लाख रुपयांपर्यंत तरतूद होती. ती पुन्हा मुख्यतः उभारणीसाठीच.

शिवाय दात्याची मर्जी आणि यंत्राचे आयुष्य या दोन्ही गोष्टी बेभरवशाच्या. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात मिथेन घटवण्याच्या कार्यक्रमासाठी १५५ कोटी डॉलरची तरतूद केली, आणि २०२५ मध्ये राजकारण पालटताच त्यातील मिथेनवरील आकारणी लांबणीवर पडली. मिथेन मोजण्यासाठी खास बनवलेला मिथेनसॅट हा उपग्रह मार्च २०२४ मध्ये अवकाशात गेला आणि जून २०२५ मध्ये त्याच्याशी संपर्क तुटला. आकाशातील डोळा मिटला तर जमिनीवर कोणी पाहणारे आहे काय, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो.

अनुदानाने काय विकत घ्यावे?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत, विश्वासार्ह माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. ती सर्वांना उपयोगी पडते, म्हणून एकट्याने तिचा खर्च सोसण्यास कोणी तयार नसतो. अनुदानाचे समर्थन येथेच आहे. परंतु माहिती ही एकदा बांधून टाकावयाची इमारत नव्हे, ती रोज भरावयाची वही आहे. तिचा खर्च आवर्ती असतो. कोणाचे तरी मानधन, उपकरणाची दुरुस्ती, जाण्या-येण्याचे भाडे. आणि नेमका हाच खर्च दात्यांना व शासनाला नकोसा वाटतो, कारण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

तरीही याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातील १३ जिल्हे होते आणि त्यांत बुलढाणाही होता. ६००० कोटींच्या त्या योजनेत १४०० कोटी रुपये संस्था व क्षमता उभारणीसाठी आणि ४६०० कोटी प्रोत्साहनासाठी होते. विहिरींची पातळी व पाऊस गावकऱ्यांनी नोंदवावा आणि पाण्याचा ताळेबंद गावानेच मांडावा, ही तिची भूमिका होती. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०११-१२ पासून राबवलेल्या संतुलित पशुआहार कार्यक्रमात गावातल्याच व्यक्तीला प्रशिक्षण देऊन, प्रत्येक जनावराचे दूध व चारा नोंदवून, त्यानुसार आहाराचा सल्ला देण्याची पद्धत होती. २८ लाखांहून अधिक जनावरांपर्यंत हा कार्यक्रम पोहोचला. दूध वाढले, चाऱ्याचा खर्च घटला आणि ढेकरांतील मिथेनही कमी झाला.

हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातील ऊर्जेचा साधारण पंधरावा हिस्सा मिथेनच्या रूपाने वाया जातो. निकस कुटारावर जगणाऱ्या जनावरात लिटरमागे हा अपव्यय अधिक. म्हणजे शंभर पेंढ्या कडब्यातील सहा-सात पेंढ्या वायू होऊन उडून जातात. शेतकऱ्याला जगाच्या तापमानाची आकडेवारी सांगण्यापेक्षा ही गोष्ट सांगितली, तर त्याला मिथेन म्हणजे काय हे एका वाक्यात कळेल. लोकजागृतीची सुरुवात लोकांच्या हिशेबापासून व्हावी, आपल्या हिशेबापासून नव्हे.

याच धर्तीवर मिथेनविषयक अनुदानाला तीन अटी असाव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, निधीचा मोठा भाग सभा-व्याख्यानांवर खर्च न होता चार-पाच गावांमागे एका प्रशिक्षित स्थानिक तरुण-तरुणीच्या निदान पाच वर्षांच्या मानधनावर खर्च व्हावा. ढेकर गावात मोजता येणार नाहीत. पण दूध, चारा आणि ढेप यांची नोंद ठेवता येईल, गोबर गॅसची शेगडी रोज किती वेळ जळते हे लिहिता येईल, साबणाच्या पाण्याने नळीची गळती तपासता येईल, कचराभूमीत किती ओला कचरा जातो ते तोलता येईल. दुसरी, संयंत्राचे अनुदान एकरकमी न देता त्याचा काही भाग प्रत्यक्ष जळलेल्या वायूच्या नोंदीशी जोडावा आणि दुरुस्तीला स्वतंत्र तरतूद असावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, गोळा झालेला प्रत्येक आकडा मराठीतून ग्रामसभेसमोर वाचला जावा. कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा होतातच, त्यासाठी वेगळा मंडप घालावा लागणार नाही. उपकरणांची देखभाल आणि नोंदींची पडताळणी तालुक्याच्या महाविद्यालयांतील विज्ञान व अर्थशास्त्र विभागांनी करावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आणि कृषी विज्ञान केंद्रांनी तिला शास्त्रीय आधार द्यावा. आमच्या विद्यार्थ्यांना ठरावीक विषयांवरचे ठरावीक प्रकल्प उतरवून काढण्यापेक्षा हे शिक्षण अधिक मोलाचे ठरेल.

यावर कोणी म्हणेल की जेथे कापसाला भाव नाही आणि सोयाबीनचा उत्पादनखर्च निघत नाही, तेथे मिथेनच्या गप्पा कशाला? आक्षेप वजनदार आहे. मिथेनचा भार शेतकऱ्यावर टाकण्यासाठी ही मोजणी होणार असेल, तर ती न झालेलीच बरी. परंतु मोजणी टळणार नाही. ती वरून होतच राहील, परक्या मापाने आणि आपल्याला न विचारता. प्रश्न इतकाच आहे की तिच्यासाठी खर्च होणाऱ्या पैशातून गावाच्या हाती काही उरावयाचे की केवळ भिंतीवरची भित्तिपत्रके.

आमच्या शिबिरानंतर विद्यार्थ्यांनी त्या गावातील चालू आणि बंद गोबर गॅस संयंत्रांची यादी करावयास घेतली आहे. काम हळूहळू चालले आहे. त्यासाठी कोणाचेही अनुदान नाही, एक शंभर पानी वही तेवढी आहे. यादी पुरी झाली की ती प्रथम त्या वृद्ध गृहस्थांना वाचून दाखवावयाची, एवढे मात्र आम्ही ठरवले आहे.